टाइम-आउट संपला, तरी कोंडाळे सुटेना : बास्केटबॉलमधील वेळकाढूपणा आणि पंचांचे काम

बास्केटबॉलचा सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या दोन मिनिटांत खेळण्यापेक्षा थांबणेच जास्त होते. प्रशिक्षक टाइम-आउट मागतो, खेळाडू बाकड्यापाशी कोंडाळे करतात, प्रशिक्षक हातातल्या छोट्या फळ्यावर पुढच्या चालीची आखणी करून दाखवतो. मिनिट संपल्याचा हॉर्न वाजतो, पंच शिट्टी वाजवून दोन्ही संघांना कोर्टवर बोलावतात, आणि तरीही एक कोंडाळे जागचे हलत नाही. गॅलरीतल्या प्रेक्षकाला ही चार-सहा सेकंदांची किरकोळ बाब वाटते. पंचांना मात्र त्या सेकंदांत बरेच काही ठरवावे लागते, आणि त्यांनी काय करायचे याची नियमांत स्पष्ट तरतूद आहे. ती तरतूद वेगवेगळ्या नियमावल्यांत वेगवेगळी आहे, हे फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते.

आधी हिशेब समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांप्रमाणे प्रत्येक संघाला पहिल्या अर्धात २ आणि दुसऱ्या अर्धात ३ टाइम-आउट मिळतात. जादा वेळेच्या प्रत्येक सत्रात १ मिळतो. प्रत्येक टाइम-आउट १ मिनिटाचा असतो. न वापरलेला टाइम-आउट पुढच्या अर्धात किंवा जादा वेळेत नेता येत नाही. शिवाय चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात घड्याळावर २ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ उरला असेल, तर दुसऱ्या अर्धातल्या तिनांपैकी जास्तीत जास्त २ टाइम-आउटच घेता येतात. तोवर एकही न वापरलेल्या संघाचा एक टाइम-आउट बुडतो, आणि स्कोअरर गुणपत्रकावरच्या त्याच्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारून तो बाद करतो. महाराष्ट्रातल्या स्पर्धांत आपण पाहतो तो खेळ याच नियमावलीवर चालतो.

एवढे मोजूनमापून दिलेले मिनिट कोणी सत्तर सेकंदांचे केले, तर त्याला नेमके काय मिळते? सामन्याचे घड्याळ थांबलेले असते, त्यामुळे आघाडीवर असलेल्या संघाला वेळ खाऊन सामना संपवता येत नाही. लाभ वेगळ्या प्रकारचा असतो. दमलेल्या खेळाडूला आणखी काही श्वास मिळतात. अर्धवट समजलेली चाल पुन्हा एकदा सांगता येते. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू निर्णायक फ्री थ्रो (कोणी अडवू शकत नाही अशी बास्केटवरची फेक) घेण्यासाठी रेषेवर उभा असेल, तर त्याला ताटकळत ठेवता येते. आणि सर्वांत मोठा लाभ असा की समोरचा संघ आधी कोर्टवर आला, तर त्याचे कोणते पाच खेळाडू उतरले आहेत आणि कोण कोणाजवळ उभे आहे, हे पाहून आपली मांडणी शेवटच्या क्षणी बदलता येते. अनुभवी प्रशिक्षक रेंगाळतात ते बहुतेकदा यासाठी. नियमाप्रमाणे वेळेवर आलेला संघ आपले पत्ते उघडे करून उभा राहतो आणि उशिरा येणारा ते पाहून खेळतो. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि ‘जाऊ द्या, पाच सेकंदांनी काय होते’ असे म्हणणारा पंच त्या अन्यायात भागीदार होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाच्या जनकालाही वेळकाढूपणाची कल्पना होती. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या तेरा नियमांपैकी नववा नियम सीमारेषेबाहेर गेलेल्या चेंडूविषयीचा आहे. चेंडू आत टाकणाऱ्याला पाच सेकंद मिळतील, त्याहून अधिक काळ त्याने तो धरून ठेवला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जाईल, आणि एखादी बाजू खेळ लांबवतच राहिली तर तिच्यावर फाउल दिला जाईल, असे त्यात म्हटले आहे. आधी ताबा जाण्याची शिक्षा आणि हट्ट कायम राहिला तरच फाउल, ही चढती पायरी पुढे येणाऱ्या एका पद्धतीत जवळजवळ तशीच सापडते, म्हणून ती लक्षात ठेवावी. टाइम-आउटमधले प्रशिक्षकाचे भाषण मात्र पुष्कळ नंतरचे आहे. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये टाइम-आउटच्या वेळी प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलण्याची मुभा १९४८-४९ च्या हंगामापासून मिळाली. त्याआधी खेळाडू आपसांतच काय ते ठरवत.

आता फिबाची पद्धत पाहू. टाइम-आउट सुरू झाल्यावर ५० सेकंद झाली की टाइमकीपर एकदा हॉर्न देतो आणि मिनिट भरल्यावर पुन्हा देतो. त्यानंतर पंच शिट्टी वाजवून हाताने दोन्ही संघांना कोर्टवर बोलावतात, आणि संघांनी विनाविलंब यावे अशी अपेक्षा असते. समजा, ‘अ’ संघाचा प्रशिक्षक तरीही बोलतच राहिला आणि पंचांनी दुसऱ्यांदा बोलावले. इथे फिबाची अधिकृत स्पष्टीकरणे दोन शक्यता वेगळ्या करतात. दुसऱ्या हाकेला संघ निघाला, तर पंच प्रशिक्षकाला ताकीद देतात की हे पुन्हा घडले तर तुमच्या खात्यावर आणखी एक टाइम-आउट टाकला जाईल. दुसऱ्या हाकेनंतरही कोंडाळे हलले नाही, तर ताकिदीची पायरी गाळून तो टाइम-आउट तिथल्या तिथे त्या संघाच्या नावे लिहिला जातो. संघाच्या खात्यात टाइम-आउट शिल्लकच नसेल, तर खेळ लांबवल्याबद्दल मुख्य प्रशिक्षकावर टेक्निकल फाउल, म्हणजे अंगाला अंग न भिडता घडलेल्या गैरवर्तनाबद्दलचा फाउल, दिला जातो.

त्या टेक्निकल फाउलची किंमतही समजून घेतली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो मिळतो, तो त्यांच्या पसंतीचा कोणताही खेळाडू घेतो, त्या वेळी कडेला दोन्ही संघांची रांग नसते, आणि तो झाल्यावर खेळ जिथे थांबला होता तिथूनच, ज्याचा चेंडू होता त्याच्याकडूनच पुढे सुरू होतो. हा फाउल गुणपत्रकावर प्रशिक्षकाच्या नावापुढे ‘बी’ म्हणून नोंदवला जातो. संघाच्या सत्रातील फाउलसंख्येत तो धरला जात नाही, परंतु असे तीन साठले तर प्रशिक्षकाला सामना सोडून बाहेर जावे लागते. एका गुणाच्या फरकाच्या सामन्यात निव्वळ रेंगाळण्यापायी बिनविरोध फ्री थ्रो देऊन बसणे किती महागात पडते, हे वेगळे सांगायला नको.

फिबाच्या या तरतुदीत एक गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. रेंगाळलेल्या संघाच्या नावे जो टाइम-आउट लिहिला जातो, तो पुरे एक मिनिट चालतो. म्हणजे ज्याला आणखी पाच सेकंद हवी होती, त्याला शिक्षा म्हणून साठ सेकंद मिळतात! याउलट, मध्यंतरानंतर एखादा संघ वेळेवर कोर्टवर आला नाही, तर त्याचाही एक टाइम-आउट वजा होतो, पण तिथे ते मिनिट दिले जात नाही. खेळ ताबडतोब सुरू होतो. मध्यंतराच्या बाबतीत वजावट ही शुद्ध दंड आहे. टाइम-आउटच्या बाबतीत मात्र संघ जो वेळ घेतच बसला आहे, त्याचे पैसे त्याच्याकडून वसूल केले जातात, असा त्यामागचा विचार दिसतो. त्या मिनिटात प्रतिस्पर्धीही आपल्या बाकड्याकडे जाऊन नवी मांडणी करू शकतो, त्यामुळे समोरच्याला पाहून डाव बदलण्याचा लाभ नाहीसा होतो. आणि खरा फटका नंतर बसतो.

तो फटका समजण्यासाठी शेवटच्या दोन मिनिटांचा आणखी एक नियम माहीत हवा. चौथ्या सत्रात किंवा जादा वेळेत २ मिनिटे अथवा त्याहून कमी वेळ उरला असताना, ज्या संघाला आपल्याच अर्ध्या कोर्टातून चेंडू आत टाकायचा आहे त्याने टाइम-आउट घेतला, तर चेंडू पुढच्या अर्ध्यातल्या ठरावीक खुणेवरून आत टाकण्याचा पर्याय त्याच्या प्रशिक्षकाला मिळतो. बरेचसे अंतर एकही सेकंद खर्च न करता कापले जाते. घड्याळावर चार सेकंद उरली असतील, तर सामना जिंकणे आणि हरणे यांतला फरक बहुधा हाच असतो. म्हणून आधीच्या रेंगाळण्यात एक टाइम-आउट गमावलेला प्रशिक्षक शेवटच्या चार सेकंदांत हात चोळत बसतो, कारण चेंडू पुढे नेण्याचे साधनच त्याच्याकडे उरलेले नसते.

अमेरिकेतील शालेय बास्केटबॉलची रीत पूर्णपणे निराळी आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ज्या मराठी आईवडिलांची मुले तिथल्या हायस्कूलच्या संघांत खेळतात, त्यांनी ती पाहिली असेल आणि कदाचित गोंधळूनही गेले असतील. तिथे सामन्यासाठी प्रत्येक संघाला ६० सेकंदांचे तीन आणि ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट असतात. टाइम-आउट संपायला १५ सेकंद उरली की पहिला हॉर्न होतो आणि वेळ संपली की दुसरा. पहिल्या हॉर्नला पंच कोंडाळ्यांच्या दिशेने दोन पावले टाकून एक बोट वर करतात आणि ‘पहिला हॉर्न’ असे मोठ्याने सांगतात. दुसऱ्या हॉर्ननंतर, चेंडू आत टाकण्याच्या जागी उभा असलेला पंच खेळ सुरू होत असल्याची शिट्टी वाजवतो. ज्यांचा चेंडू आहे त्यांच्यापैकी कोणीही तिथे आलेले नसेल, तर तो शांतपणे चेंडू सीमारेषेबाहेर जमिनीवर ठेवतो, एक पाऊल मागे सरतो आणि हात हलवत दिसेल अशा रीतीने पाच सेकंद मोजू लागतो.

हे दृश्य बघण्यासारखे असते. चेंडू जमिनीवर एकटा पडलेला असतो, पण नियमाच्या भाषेत तो जिवंत झालेला असतो. बाकड्यापाशी कोणाच्या तरी लक्षात येते, आरडाओरडा होतो, एक खेळाडू धावत सुटतो. तो पोहोचेपर्यंत तीन सेकंद गेलेली असतील, तर उरलेल्या दोन सेकंदांतच त्याने चेंडू उचलून सहकाऱ्याकडे टाकला पाहिजे. मोजणी नव्याने सुरू होत नाही. पाच पूर्ण झाली तर नियमभंग होतो आणि त्याच जागेवरून चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो. आता प्रतिस्पर्धीही कोंडाळ्यातच असेल, तर त्याच्यासाठीही चेंडू जमिनीवर ठेवून पाच मोजली जातात. यानंतरही कोणी विलंब केला, तर मात्र टेक्निकल फाउल दिला जातो, आणि तिथल्या नियमांप्रमाणे त्याची शिक्षा दोन फ्री थ्रो व चेंडूचा ताबा अशी भारी असते. फ्री थ्रो घेणारा संघ आला नसेल तर चेंडू फ्री थ्रोच्या रेषेवर ठेवून पाचाऐवजी दहा सेकंद मोजली जातात, आणि तेवढ्यात फेक झाली नाही तर ती संधी वाया जाते.

बचाव करणारा संघ उशिरा आला तर काय, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. पंच चेंडू टाकणाऱ्याच्या हातात देतो आणि खेळ सुरू होतो. समोर कोणी नसताना एक पास आणि एक सरळ बास्केट, एवढ्यात दोन गुण होतात. ताकीद नाही, वादावादी नाही, गुणपत्रकावर वेगळी नोंदही नाही.

मला ही पद्धत फिबाच्या पद्धतीपेक्षा अधिक न्याय्य वाटते, आणि त्याचे कारण शिक्षेच्या कठोरपणात नाही. फिबाच्या पद्धतीत पंचाला प्रशिक्षकाशी बोलावे लागते, त्याला ताकीद द्यावी लागते, आणि ती केव्हा द्यायची व केव्हा पुढच्या पायरीवर जायचे हे त्या गर्दी-गोंगाटात ठरवावे लागते. नावाजलेल्या प्रशिक्षकापुढे पंचाचा आवाज नरम होतो आणि एखाद्या छोट्या गावातल्या शाळेच्या शिक्षकापुढे तोच आवाज चढतो, हा धोका तिथे कायम असतो. जमिनीवर ठेवलेला चेंडू आणि पाचापर्यंतची मोजणी मात्र सर्वांना सारखीच असते. एक मर्यादाही मान्य केली पाहिजे : बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात ती यांत्रिकपणे वापरली, तर पुष्कळदा मुलांच्या चुकीची नव्हे, तर बोलत राहिलेल्या मोठ्या माणसाच्या चुकीची किंमत मुलांना मोजावी लागते.

संघ आला, पण एकच खेळाडू मागे राहिला, हा याच विषयाचा एक लबाड उपप्रकार आहे. चार जण कोर्टवर येतात, पाचवा बदली खेळाडूंच्या शेजारी पाणी पीत उभा राहतो, बचाव करणाऱ्यांना वाटते की तो बाहेर बसला आहे, आणि चेंडू आत येताच तो बाकड्याच्या बाजूने मोकळ्या जागेत शिरतो. अमेरिकी शालेय नियमांनी याला वेगळे कलमच दिले आहे : टाइम-आउटनंतर किंवा मध्यंतरानंतर सर्व खेळाडू साधारण एकाच वेळी परतले नाहीत, तर तो संघाचा टेक्निकल फाउल ठरतो. एखादा मुलगा गोंधळून खरोखरच मागे राहिला आणि त्यातून काही लाभ झाला नाही, तर समंजस पंच त्याला हाक मारून आत घेतो. फसवणूक दिसली, तर मात्र तो गय करत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक लीग एनबीएची रीत थोडक्यात सांगता येते. तिथे टाइम-आउट ७ आणि प्रत्येकी ७५ सेकंदांचे असतात. खेळ सुरू होण्यात कोणत्याही प्रकारे अडथळा आणणाऱ्या संघाला पहिल्या वेळी ताकीद मिळते, आणि त्यानंतर त्याच सामन्यात पुन्हा विलंब झाला तर टेक्निकल फाउल देऊन प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो दिला जातो. चेंडू अडवणे, थ्रो-इनच्या, म्हणजे चेंडू बाहेरून आत टाकण्याच्या, वेळी बचाव करणाऱ्याने सीमारेषा ओलांडणे वगैरे विलंबाच्या इतर प्रकारांसाठीही ताकीद एकच असते. त्यामुळे ती आधीच कुठल्या तरी क्षुल्लक कारणाने खर्ची पडली असेल, तर कोंडाळ्यातला उशीर थेट टेक्निकल फाउलवर नेतो. २०१७ पासून मध्यंतरानंतर वेळेवर तयार नसलेल्या संघालाही हेच लागू केले गेले आहे.

शिक्षांचा हा सगळा तपशील सांगितल्यावर असे वाटू शकेल की पंच सतत असले निर्णय देत असतात. वस्तुस्थिती उलट आहे. चांगल्या पंचांच्या सामन्यात हे क्वचितच घडते, कारण त्यांचे बहुतेक काम मिनिट संपण्याआधीच झालेले असते. टाइम-आउट सुरू होताच ते स्कोअरर-टेबलाशी खात्री करून घेतात : खेळ कुठून सुरू होणार, चेंडू कोणाचा, शॉट-क्लॉकवर (फेक करण्यासाठी उरलेला वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद, कोणाचे किती टाइम-आउट शिल्लक. एक पंच चेंडू घेऊन खेळ सुरू होण्याच्या जागेकडे जातो. पन्नासाव्या सेकंदाचा हॉर्न वाजला की बाकीचे बाकड्यांच्या दिशेने सरकतात आणि ‘कोच, चला’ इतकेच, पण कोंडाळ्यातल्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतात. कोंडाळ्यात डोके घालायचे नाही, फळ्याकडे बघायचे नाही, खेळाडूला हात लावून ओढायचे नाही आणि कानाशी शिट्टी फुंकायची नाही, हे पथ्य ते कसोशीने पाळतात. बाहेर पडणारे खेळाडू ते मोजतात, कारण घाईघाईत सुटलेल्या कोंडाळ्यातून कधी चार तर कधी सहा जण कोर्टवर येतात, आणि तेवढे तिथेच लक्षात आले तर पुढचा सगळा घोळ टळतो.

उशिराचे कारण प्रत्येक वेळी प्रशिक्षकच असतो असे नाही. बदली खेळाडूने कोर्टवर येण्यापूर्वी टेबलापाशी नोंद केली पाहिजे, पण तो ती शेवटच्या क्षणी करायला धावतो आणि सगळे खोळंबतात. म्हणून अमेरिकी शालेय नियमांत ६० सेकंदांच्या टाइम-आउटमध्ये ही नोंद पहिल्या हॉर्नच्या आत करावी लागते. बाकड्यासमोर पाणी सांडून कोर्ट ओले झाले, तर पुसून होईपर्यंत खेळ सुरू करता येत नाही. हे एखाद्या संघाच्या बाटल्यांमुळे झाले असेल, तर तिथे तोही विलंबच धरला जातो : आधी संघाला ताकीद आणि नंतर टेक्निकल फाउल. याउलट टाइमकीपरने हॉर्न उशिरा दिला, किंवा घड्याळ बिघडले, तर त्याचा भार कोणत्याही संघावर टाकता येत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो दोन्ही प्रशिक्षक एकमेकांची वाट पाहत थांबतात तेव्हा. आधी ते आले की मग आम्ही, अशी दोघांचीही भूमिका असते आणि दोघेही तिरक्या नजरेने समोरच्या बाकड्याकडे बघत असतात. अशा वेळी नवखा पंच जवळच्या संघाला आधी बाहेर काढतो आणि नकळत दुसऱ्याला आयता लाभ देतो. जाणता पंच आपल्या सहकाऱ्याला डोळ्यांनीच खूण करतो, दोघे एकाच क्षणी दोन बाकड्यांपाशी पोहोचतात, आणि फिबाच्या नियमांखाली सामना असेल तर दोन्ही प्रशिक्षकांना एकाच वेळी, एकाच शब्दांत ताकीद मिळते. अमेरिकी शाळेतला सामना असेल, तर चेंडू जमिनीवर ठेवला जातो आणि पंचाचा हात पहिला सेकंद मोजू लागतो.